डेअरीमागची केबल

नासलेलं दूध ओढ्यात ओतताना कौशल्याबाईने नाकाला पदर लावला, पण काही उपयोग झाला नाही. ओढा दिवाळीपासूनच कोरडा ठाक. दूध वाहून जाईना. खडकाच्या खळग्यांत ते साचून राहिलं आणि त्यावर पिवळट गुठळ्या तरंगू लागल्या. परवाच्या दुधाने तिथंच वाळून खपली धरली होती, तिच्यावर माश्या घोंगावत होत्या. सुरुवातीला गावातली कुत्री चाटायला धावत यायची. आता तीसुद्धा लांबूनच हुंगून परत फिरत.

"लेकरांच्या तोंडचं पाणी म्हशीला पाजलं," भिवराबाई कॅन उपडा करत म्हणाली, "अन् त्येचं हे असं व्हायलंय. कावून करायचं हे सगळं?"

कौशल्याबाईने तोंड मिटूनच पुढचा कॅन उपडा केला. तोंड उघडलं असतं तर तो आंबूस वास थेट पोटात गेला असता. लुगड्यालाही तोच वास होता, आणि लुगडं धुवायला पाणी नव्हतं.

लिंबडेवाडीच्या महिला दूध संस्थेची ती चेअरमन होती. गावाच्या पार टोकाला पत्र्याची डेअरी, तिच्यात दूध गार ठेवायची मोठी स्टीलची टाकी. बाया सकाळ-संध्याकाळ दूध आणून घालत, दुसऱ्या दिवशी संघाची गाडी ते घेऊन जाई. टाकीला वीज मिळाली तर दूध. नाही तर गाडीचा ड्रायव्हर झाकण उघडायचा, वास घ्यायचा आणि तोंड वाकडं करून गाडी वळवायचा. त्या उन्हाळ्यात गावठाणाचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, सारखा जळत होता. दुरुस्त होऊन यायचा, थोडे दिवस चालायचा, की पुन्हा धूर.

ही डेअरी म्हणजे बायांचा जीव होता. कौशल्याबाई आणि तिचा नवरा उत्तरेश्वर, दोघांनी उमेदीची सगळी वर्षं उसाच्या फडात घातली होती. दसरा झाला की कोयते, भांडी, लेकरं ट्रॅक्टरवर टाकायची आणि निघायचं. थोरली लेक पाचटातच जन्मली. डेअरी निघाली, दोन म्हशी झाल्या, आणि कौशल्याबाईचं जाणं थांबलं. तिच्यासारख्या गावात बऱ्याच होत्या. पुढल्या दसऱ्याला ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन उभा राहिला तर त्याला नाही म्हणता यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

डेअरी आणली ती बबनरावांनी. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणे. कधीकाळी एका सहकारी कारखान्याचे ते संचालक होते. कारखाना बंद पडला, पण आण्णांचा पांढरा शर्ट तसाच कडक राहिला. त्यांनीच बायांची संस्था काढली, टाकी मिळवली, कौशल्याबाईला खुर्चीवर बसवलं, आणि खास डेअरीसाठी म्हणून गावठाणावरून थ्री फेजची लाइन थेट डेअरीच्या मागच्या खांबापर्यंत ओढून आणली. त्या दिवशी बायांनी त्यांना ओवाळलं होतं. कौशल्याबाईने स्वतःच्या हाताने हार घातला होता.

दूध ओतून झाल्यावर ती तशीच, त्याच लुगड्यात, भिवराबाईला घेऊन वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात गेली. तिथल्या इंजिनिअर जोगदंड मॅडम अंबाजोगाईच्या. वय फार नाही, पण चेहरा शिणलेला. टेबलासमोर दहा गावची माणसं उभी, जो तो ओरडत होता. कौशल्याबाई जवळ गेली तशी शेजारच्या दोघांनी नाकाला रुमाल लावला.

"वास येतोय ना?" कौशल्याबाई म्हणाली. "येऊ द्या. हा तुमच्या डीपीचा वास हाय."

मॅडमनी मान वर करून बघितलं. मग तिला खुर्ची दिली.

"बाई, मी डीपी देते. पण तो पुन्हा जळेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावात मीटरवर जेवढी वीज दिसते, तिच्या कितीतरी पट ओढली जाते. घराघरावर चोरून तारेला टाकलेले आकडे आहेत ते आहेतच. पण नुसत्या आकड्यांनी एवढा लोड येत नाही. भर दुपारी कुणीतरी मोठ्या मोटारी चालवतंय."

"मोटारी तर शेतीच्या लाइनीवर असत्यात."

"शेतीची लाइन या आठवड्यात रात्रीची आहे. दिवसा तिच्यात करंट नसतो. गावठाणाची लाइन मात्र दिवसभर असते." मॅडम थांबल्या. "दिवसा पाणी कुठं पडतंय ते तुम्हीच बघा. माझा माणूस आला की अर्ध्या तासात सगळं गुंडाळून ठेवतात."

दुरुस्त केलेला डीपी आला, वायरमन शहादेवने तो जोडला, टाकी पुन्हा घरघरू लागली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा कौशल्याबाई डेअरीतून निघाली आणि पाण्याचा माग काढत चालू लागली. फार चालावं लागलं नाही. डेअरीच्या मागे बांध, बांधापलीकडे आण्णांचा मळा. मळ्याच्या कोपऱ्यावर तिला पहिल्यांदा वास आला. चिखलाचा वास.

सगळ्या रानाला भेगा पडलेल्या, बाभळीचा पालासुद्धा शेळ्यांनी ओरबाडून खाल्लेला, आणि इथं चिखल! दोन टँकर पाइपाखाली उभे होते, तिसरा भरून डांबरी सडकेने मंगल कार्यालयाकडे वळत होता. बोअरचं पाणी धो धो पडत होतं, टँकरच्या तोंडावरून उतू जाऊन खाली सांडत होतं. त्या राड्यात डुकरं लोळत होती. एक ड्रायव्हर टँकरची चाकं धूत होता. निवांत, गाणं गुणगुणत.

 घरी घागरीच्या तळाशी उरलेलं गढूळ पाणी ती फडक्यातून गाळून घेत होती.

तिने मोटारीची वायर नजरेने धरली. बोअरपासून काळी जाड केबल निघाली होती, थोडी पुढं जाऊन जमिनीत पुरलेल्या पाइपात शिरली होती. पाइप बांधाखालून गेला होता. ती बांध ओलांडून परत आली. पाइप जिथं वर येत होता, तिथं पाचटाचा ढीग रचलेला. तिने पायाने पाचट सारलं. केबल खांबावर चढत होती. डेअरीच्या मागच्या खांबावर.

तिने खांबावरून नजर डेअरीकडे वळवली. आता तिला कळलं, डेअरी गावात न बांधता इतक्या लांब टोकाला का बांधली ते. बायांच्या नावाने लाइन आणायची आणि बांधाखालून आपल्या बोअरला न्यायची. आपण हार घातला तो कशाला? या केबलला. ज्या हातांनी ओवाळलं त्या हातांची तिला शिसारी आली.

डेअरीच्या दारात संस्थेचा सचिव पंडित उभा होता. तिला पाचटापाशी बघून त्याचा चेहरा उतरला.

"तुला ठावं होतं?" तिने विचारलं.

"काकू, मी नोकर माणूस. आण्णा म्हणले, पाचट रचून ठेव; ठेवलं."

"रोज माज्यासंगं दूध ओतायला येत होतास की रे. डोळ्याला पाणी आणत होतास."

पंडित दारातून आत सरकला.

ती तडक आण्णांच्या ओट्यावर गेली. आण्णा खाटेवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली आणि हसले.

"वैनी, बसा आदी. पाणी घ्या." आतून तांब्या आला. थंडगार, स्वच्छ पाणी. कौशल्याबाईने हात लावला नाही. "दुष्काळ हाय. बोअर बंद केले तर टँकर बंद. टँकर बंद तर गावं काय पितील? हे पुण्याचं काम हाय, वैनी."

"आपल्या गावाकडं तर टँकर वळतच न्हाई. डांबरी सडकेला लागतो, मंगल कार्यालयाकडं. मी बघून आले."

आण्णांनी ओट्याखाली पिंक टाकली. लाल-काळा ओघळ पायरीवरून खाली उतरला. "बरं. तुमची अडचण काय, तर दूध नासतंय. मी डेअरीला माजा जनरेटर देतो. डिझेल बी माजं. बाया खूश, तुमी खूश. अन् वैनी, आकड्याचं म्हणाल तर—" ते पुढं वाकले, तंबाखूचा दर्प तिच्या तोंडावर आला, "—तुमच्या घरावर न्हाई का आकडा? उत्तरेश्वरनं सवता टाकलाय. कडबाकुट्टी काय हवेवर चालती?"

 खरं होतं ते. रोज डोक्यावर लोंबणारी ती वायर तिने कधी चोरी म्हणून बघितलीच नव्हती. घराघरावर होती तशी तिच्याही घरावर होती. आणि या माणसाने इतकी वर्षं गावातल्या एकालाही आकड्यावरून टोकलं नव्हतं. आता तिला त्याचं कारण समजलं. सगळ्यांचे हात थोडे थोडे बरबटलेले असले की याचे कोपरापर्यंतचे कोण बघणार?

थोड्याच दिवसांत डीपी पुन्हा जळाला. जळका, तेलकट धूर गावभर बसला. बायांची बैठक डेअरीत भरली, आणि कौशल्याबाईने केबल, बोअर, टँकर, सगळं सांगितलं. ती बोलून थांबली. तिला वाटलं होतं, बाया उठतील, शिव्या देतील.

भिवराबाई पुढं सरकली. "जनरेटर देतो म्हणले का आण्णा? मंग घेऊ की."

"अगं, त्येनंच आपलं दूध नासवलंय!"

"ते झालं गेलं. आता देतो म्हणतोय तर कावून नको? उद्या आकडे निघाले तर माज्या घरात पंखा न्हाई, पिठाची गिरणी न्हाई. तुजं ठीक हाय, तू चेअरमन."

"खरं हाय बाई," दुसरी म्हणाली. तिसरीने मान हलवली. कोणी आण्णांनी लेकीच्या लग्नाला टँकर दिल्याचं सांगितलं, कोणी जावयाला नोकरीला लावल्याचं. कौशल्याबाई एकेकीचं तोंड बघत होती. याच बाया ओढ्यावर तळतळाट देत होत्या. तिला त्यांचा राग आला नाही, वीट आला. आणि वीट आला म्हणून स्वतःचाही आला, कारण ती त्यांच्यातलीच होती.

ती उठली आणि घरी गेली. दारामागचा वेळू काढला, त्याच्या टोकाला विळा बांधला. डीपी जळालेला, तारा मेलेल्या. आज भ्यायचं कारण नव्हतं. अंगणात उभं राहून तिने तारेवरचा आकडा ओढला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्या हिसक्याला वायर सळसळत खाली आली.

उत्तरेश्वर गोठ्यातून धावत आला. "याड लागलं का तुला? साऱ्या गावाचे हायेत, आपलाच कावून काढायला लागलीस?"

"माजं तोंड उघडायचं हाय मला. हे डोक्यावर असल्यावर उघडत न्हाई."

"कुट्टी कशी करायची मग?"

"हातानं. आपल्याला कोयता धरता येतो की."

तो बराच वेळ पुटपुटत राहिला. मग त्याने वायरची गुंडाळी केली आणि मीटरच्या अर्जाचं विचारायला कधी जायचं, एवढंच विचारलं.

पलीकडच्या आळीतून दगडाबाई बघत होती. एकटी बाई, एकच गाय. ती येऊन म्हणाली, "तो वेळू दे गं जरा." संध्याकाळपर्यंत वेळू काही घरं हिंडला. सगळी नाही. निम्मी अर्धी. भिवराबाईने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई मीटरच्या अर्जासाठी जोगदंड मॅडमकडे गेली आणि पाचटाखालच्या केबलचंही सांगून आली.

डीपी घेऊन ट्रॅक्टर आला त्या सकाळी अख्खं गाव चौकात जमलं. मागून जीपमधून जोगदंड मॅडम उतरल्या. आणि त्यांच्या आधीच आण्णा हजर होते: नारळ, हार, अगरबत्ती, फोटो काढायला एक माणूस. जणू डीपी त्यांनीच घरून आणला होता.

"या मॅडम, या! नारळ फोडू अन् चालू करू."

"नारळ नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी डेअरीमागची केबल निघेल. ती निघाल्याशिवाय मी हा डीपी चालू करणार नाही. आणि आकडे सगळ्यांचे निघतील."

गर्दी डेअरीकडे सरकली. शहादेवने पाचट बाजूला केलं. काळी केबल उन्हात चकाकली. मॅडमनी विचारलं, "ही कोणाची?"

कोणी बोलेना. बांधापलीकडे आण्णांचे बोअर सगळ्यांना दिसत होते. लहान पोरांनासुद्धा माहीत होतं.

आण्णा पुढे आले. त्यांनी केबलकडे असं बघितलं, की जणू साप निघालाय. "अरे अरे! हे कुणाचं काम? मला तर बाबा काहीच कल्पना न्हाई. पंडित, डेअरीच्या खांबावर हाय म्हणजे डेअरीची हाय का रे ही?"

पंडितने ओठांवरून जीभ फिरवली. कौशल्याबाईकडे बघायचं टाळून तो म्हणाला, "व्हय. डेअरीचीच. चेअरमनबाईंनीच टाकायला लावलती."

कौशल्याबाईने आण्णांच्या तोंडाकडे बघितलं.  हा माणूस चोरी करतो त्याची नव्हे, चोरी करून ती इतक्या सहजपणे, गोड आवाजात, बाईच्या पदरात टाकतो, याची तिला किळस आली. आणि भोवती उभ्या असलेल्या साऱ्या गावाची, जे सगळं जाणून जमिनीकडं बघत उभं होतं.

"माजी हाय म्हणता?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "सगळ्यांम्होरं म्हणता? तुमची न्हाई?"

"माजी कशी असंल, वैनी?" आण्णा हसले.

"बरं झालं. मंग मालकीण मी."

ती डेअरीत गेली. कोपऱ्यात गवत कापायला ठेवलेला कोयता होता, तिचाच, फडातला. तो घेऊन ती आली, पाइपाच्या तोंडाशी केबल दगडावर धरली आणि घाव घातला. उसाच्या कांडीसारखी ती एका घावात तुटली नाही. तांबं कोयत्याला दाद देईना. दुसरा घाव, तिसरा. आण्णा एक पाऊल पुढे आले. "अहो, अहो, चांगली केबल हाय ती—"

"माजी हाय ना?" कौशल्याबाई वर न बघता म्हणाली. "माज्या केबलीचं तुमाला काय दुखतंय?"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. आण्णांचा पुढे आलेला हात तसाच राहिला. सगळ्यांसमोर नाही म्हटलेली वस्तू आता माझी म्हणता येईना. केबल तुटली. कौशल्याबाईने पाइपातलं टोक धरून ओढलं, एकटीला ओढेना. दगडाबाई येऊन मागून ओढू लागली, मग शहादेव, मग आणखी दोघी. बांधाखालून केबल बाहेर येत राहिली, चिखलाने माखलेली, लांबच लांब. कौशल्याबाई तिचे तुकडे करत गेली. तळहाताला फोड आले तरी ती थांबली नाही.

शेवटी मॅडम जवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही सगळ्यांसमोर तुमची म्हणालात. मला तुमच्या नावावर गुन्हा नोंदवावा लागेल. अजून सांगा, कोणाची आहे ते. मी लिहिते."

कौशल्याबाईने गर्दीकडे बघितलं. "इचारा की ह्यांना. एक बी म्हणला, तर लिवा."

मॅडमनी विचारलं.  भिवराबाई पदराशी चाळा करत राहिली. दगडाबाई तेवढी म्हणाली, "आण्णाची हाय". पण तिला नवरा नाही, जमीन नाही, तिचं बोलणं कोण धरणार? सही करायला दुसरा कोणी पुढे येईना.

"माज्याच नावावर घ्या," कौशल्याबाई म्हणाली. "पर डीपी चालू करा."

डीपी चालू झाला, आणि टिकला. उरलेले आकडे मॅडमच्या माणसांनी काढले, बऱ्याच घरांनी मीटर घेतले, काहींनी पुन्हा आकडे टाकले. पण त्या उन्हाळ्यात पुन्हा डीपीतून धूर निघाला नाही. दूध गार राहू लागलं. संघाचा ड्रायव्हर झाकण उघडून काही न बोलता पाइप लावायचा.

पावसाळा बेताचाच गेला. त्याच सुमारास संस्थेची सभा बोलावली गेली. आण्णा पाहुणे म्हणून आले आणि म्हणाले, संस्था पवित्र असते, वीजचोरीचा गुन्हा असलेली बाई तिच्या खुर्चीवर शोभत नाही. अविश्वासाचा ठराव भिवराबाईने मांडला. हात वर झाले. काही हात अर्धेच वर झाले, पण पंडितने तेही मोजले. भिवराबाई चेअरमन झाली. कौशल्याबाईने टाकीच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर येऊन ओट्याखाली थुंकली.

पंधरवड्यात आण्णांच्या मळ्यात त्यांचा स्वतःचा नवा डीपी उभा राहिला. कायदेशीर, वरून मंजूर होऊन आलेला. गावठाणाच्या डीपीसाठी दर वेळी ऑफिसात खेटे घालावे लागले होते. हा आपल्या पायाने चालत आल्यासारखा आला. पूजा झाली, पेढे वाटले गेले. पेढे डेअरीच्याच दुधाचे.

भिवराबाई एक पेढा पानात बांधून कौशल्याबाईकडे आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "तुजा वाटा आणला."

"मला नको. मळमळतं मला त्येनं."

"किती दिवस धरून बसणार गं? दूध नासायचं तर थांबलं ना. तूच थांबवलंस. ठावं हाय मला."

"मंग त्या दिशी बोलली का न्हाईस?"

 पानातला पेढा भिवराबाईने उघडून बघितला, पुन्हा बांधला आणि गेली. थोड्या अंतरावर जाऊन तिने तो स्वतःच तोंडात टाकलेला कौशल्याबाईला दिसला.

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रॅक्टर वेशीत येऊन उभा राहिला. काही घरं गेली. दगडाबाई गेली नाही. तिच्या गाईला कालवड झाली होती. संध्याकाळी ती आणि कौशल्याबाई दूध घालायला निघाल्या. डेअरीच्या दारात पंडित माप घ्यायला बसला होता. त्याने मान खाली घालूनच कॅन घेतला, दूध मापलं, टाकीत ओतलं. कौशल्याबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. रिकामा कॅन उचलला आणि दगडाबाईला म्हणाली, "चल. कुट्टीला उशीर होतो."